एक ते तीन तोफा बंद

रणगाडा चालविणाऱ्या मनुष्याला शत्रू दिसतो, आणि शत्रू दिसणे ही गोष्ट इतकी सामान्य आहे की तिच्यात कोणत्याही प्रकारची प्रतिष्ठा मला कधीच वाटली नाही. टेकडीआड, झाडीच्या छायेत, घडीच्या खुर्चीवर बसून, ज्याला आपण पाहिलेले नाही आणि ज्याने आपल्याला पाहिलेले नाही अशा प्रतिपक्ष्यावर केवळ गणिताच्या बळाने गोळा टाकावयाचा, यात जी सरदारी आहे ती समोरासमोर उभे राहून रंगाने बरबटून घेण्यात नाही, अशी माझी धारणा होती. आणि म्हणूनच मेरीलंडमधल्या आमच्या दूरनियंत्रित रणगाड्यांच्या मंडळात जेव्हा एकेक सभासद शर्मन, टायगर, टी-३४ अशी सहाव्या हिश्शाची धुडे बांधण्यात गुंतला होता, तेव्हा मी, निवृत्तीनंतर हाती आलेला वेळ आणि पत्नीच्या मोटारीला हक्काने मिळालेली गॅरेजमधली जागा ही दोन्ही साधने एकाच कार्याला वाहून, एक हॉविट्झर तोफ बांधावयास घेतली.

तोफ ओढणाऱ्या गाडीसाठी मी जुन्या व्हीलचेअरच्या दोन मोटारी पैदा केल्या. आमच्या छंदातली पुष्कळशी वाहने याच मोटारींवर चालतात, कारण मणभर प्लायवूड व पत्रा चिखलातून ओढून नेण्याची ताकद त्यांच्यात असते. त्या मोटारी गॅरेजमध्ये आल्या तेव्हा पत्नीने त्या निरखून पाहिल्या व अत्यंत शांतपणे म्हटले, "काम झाल्यावर सोडवून नीट ठेवा हो. पुढेमागे लागतीलच."

हॉविट्झरच का, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार होते आणि ते मी मंडळातल्या प्रत्येकाला, त्याने प्रश्न विचारलेला असो वा नसो, देत असे. आमच्या तोफांतून सुटते ती पेंटबॉलची गोळी. जिलेटिनच्या पातळ कवचात भरलेला रंग, व्यास ०.६८ इंच. या व्यासाला सहाने गुणले की येतात सुमारे १०४ मिलिमीटर. म्हणजे ७५ मिलिमीटरची तोफ मिरविणारा शर्मन घ्या की ८८ मिलिमीटरच्या तोफेचा दरारा असलेला टायगर घ्या, मैदानावर प्रत्येक जण वस्तुतः १०४ मिलिमीटरचाच गोळा फेकीत असतो, आणि ज्याच्या नळीचा व्यास कागदोपत्री व प्रत्यक्षात जुळतो असा प्रामाणिक मनुष्य आमच्यात एकटा मीच, कारण दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन हॉविट्झर १०५ मिलिमीटरची होती. एका मिलिमीटरच्या तफावतीकडे मी दुर्लक्ष करीत असे. इतिहासात एवढी तफावत चालते.

अडचण आली ती पल्ल्याची. खरी हॉविट्झर अकरा किलोमीटरच्या पलीकडे गोळा टाकीत असे. त्याचा सहावा हिस्सा म्हणजे जवळजवळ एकोणीसशे मीटर. माझी गोळी शंभर यार्डांच्या आतच प्राण सोडते, कारण सुरक्षिततेसाठी सेकंदाला तीनशे फुटांहून अधिक वेग देऊ नये असा साधारणतः सर्वत्र दंडक आहे, आणि शिवाय लाकूड, लोखंड, रंग, सैनिक या सर्वांचा सहावा हिस्सा करता आला तरी वारा आणि गुरुत्वाकर्षण यांचा तो करता येत नाही. गोळी उंच फेकावी तर वारा तिला शेजारच्या शेतात नेऊन सोडतो, आणि सुदैवाने ती इष्ट स्थळी पडलीच तर मऊ गवतावर न फुटता, श्रावणी सोमवारच्या साबुदाण्याच्या दाण्यासारखी, टपोरी, चकचकीत आणि निरुपद्रवी अशी पडून राहते. शत्रूच्या एका रणगाड्याच्या चालकाने अशा माझ्या गोळ्या गवतातून वेचून, पिशवीत भरून, सायंकाळी मोठ्या अदबीने मला परत आणून दिल्या होत्या.

परंतु वारा आणि गवत यांच्याशी माझे वैर नव्हते. वैर होते ते नियमावलीशी.

ही नियमावली मुळात एका पानाची होती असे जुने सभासद सांगतात. पुढे मनुष्याची कल्पकता जसजशी वाढली तसतशी पोटकलमे वाढत गेली. तोफखान्याच्या प्रकरणात म्हटले आहे की तोफ एकदा मांडली की मांडली. ती हलवावयाची तर आधी गाडीला जोडली पाहिजे, आणि जोडलेल्या अवस्थेत ती मौन पाळील. आडून मारा करावयाचा तर स्वपक्षाच्या एखाद्या टेहळणी वाहनाला लक्ष्य प्रत्यक्ष दिसत असले पाहिजे, आणि त्याच्या चालकाने ते वॉकीटॉकीवर कळविले पाहिजे. गोलंदाजाने स्वतः खुर्चीवर उभे राहून, मान उंच करून पाहू नये. (हे शेवटचे वाक्य मी मंडळात आल्यानंतर घातले गेले.) इथपर्यंतही मी सर्व सहन केले असते. पण त्यापुढे येते ते रसदीचे कलम.

त्याचा मतलब असा. तोफेच्या डब्यात दोनशे गोळ्या मावत असल्या तरी मोहिमेच्या प्रारंभी मोजक्याच मिळतील. त्या संपल्या की रसदीची गाडी आली पाहिजे. गाडीचा स्पर्श तोफेला झाला पाहिजे. दोघांनीही निश्चल राहिले पाहिजे. आणि पंचाच्या घड्याळात पुरा एक मिनिट गेल्यावरच नव्या गोळ्या कायदेशीर ठरतील. रसदीच्या गाडीवर शस्त्र असणार नाही. वाटेत तिला मार लागला तर तिच्यावरचा दारूगोळा बुडाला, त्याबद्दल कोणतीही तक्रार चालणार नाही. हे कलम का आले ते सांगितले पाहिजे, कारण तेवढी निःपक्षपाती बुद्धी माझ्यात शिल्लक आहे: पूर्वी ज्याची थैली मोठी त्याच्या गोळ्या अधिक, आणि ज्याच्या गोळ्या अधिक त्याचा जय, असा प्रकार होऊन लढाई म्हणजे झाडांना रंग देण्याचा कंत्राटी कार्यक्रम झाला होता. या कलमाने लढाईत पुन्हा अक्कल आणली हे मला मान्य आहे. ती अक्कल माझ्या खर्चाने का आणावी, एवढाच माझा मुद्दा होता.

कारण मांडलेली तोफ रसदीच्या गाडीकडे जाऊ शकत नाही. गाडीनेच यावे लागते. आणि गाडी तर ओढ्यापलीकडे. त्यामुळे माझ्या युद्धाचा बहुतेक काळ असा जाई की पाचदहा गोळ्या उडवाव्या, थोडी धूळ उडावी, आणि मग खुर्चीवर बसून थर्मासमधला चहा पीत, शेजारी बसलेल्या पंचाशी प्रकृती, हवामान आणि मुलांची लग्ने या विषयांवर बोलत राहावे. एका तरुण सभासदाने यावर शेरा मारला की तुमच्या तोफेचा वेग ताशी दोन बार आहे. तो शेरा ऐकून मी दुखावलो नाही. उलट माझी छाती फुगली, कारण त्या क्षणी मला धारवाड आठवले.

धारवाडचा विषय निघाला की आमच्या घरची माणसे उठून स्वयंपाकघरात जातात. वाचकाला ती सोय नाही. १७९० च्या पावसाळ्यानंतर टिपूविरुद्धच्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला. इंग्रजांची मुंबईकडील एक तुकडी कॅप्टन लिटल याच्या हाताखाली त्यांच्या मदतीस होती, आणि त्या तुकडीत एडवर्ड मूर नावाचा, वयाची विशीही जेमतेम गाठलेला, एक लेफ्टनंट होता. हाच मूर पुढे हिंदू देवदेवतांवरील जाडजूड ग्रंथामुळे प्रसिद्धीस आला. पण देवांकडे वळण्यापूर्वी त्याने आमच्या गोलंदाजांकडे पाहून घेतले होते, आणि जे पाहिले ते १७९४ साली लंडनमध्ये छापलेल्या आपल्या वृत्तांतात लिहून ठेवले. तो सांगतो की मराठ्यांच्या मोर्चावर एक तोफ भरली जाते, आणि मग तिच्याभोवतीची सर्व मंडळी खाली बसून अर्धा तास गप्पा मारीत व धूम्रपान करीत राहतात. त्यानंतर तोफ डागली जाते. किल्ल्याच्या भिंतीवरून बऱ्यापैकी धूळ उडाली की काम झाले असे सर्वांस वाटते. तोफ पुन्हा भरली जाते, आणि खंडित झालेला संवाद पुढे सुरू होतो. याहूनही हृद्य गोष्ट अशी की दुपारी एक ते तीन या वेळात सहसा कोणत्याही बाजूने तोफ सुटत नसे, कारण तो वेळ उभयपक्षी संमतीने भोजनासाठी राखून ठेवलेला होता.

उभयपक्षी! या एका शब्दावरून मी जीव ओवाळून टाकीन. बाहेरून परशुरामभाऊ, आत टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमानखान. मधे खंदक, तट, वैर, आणि दोन सत्तांचे भवितव्य. परंतु ताटावर बसलेल्या मनुष्यावर गोळा टाकणे हे कोणत्याही धर्मात बसत नाही एवढे दोघांनाही कळत होते, आणि ते त्यांना कोणत्याही नियमावलीच्या पोटकलमाने शिकविलेले नव्हते. पुण्यातले दुकानदार दुपारी दुकान मिटून घेतात म्हणून त्यांची जी जगभर थट्टा होते ती करणारांनी हे ध्यानात घ्यावे की ज्या मंडळींनी साक्षात युद्ध एक ते तीन बंद ठेवले त्यांच्या वंशजांनी पंचे आणि उदबत्त्या यांची विक्री एक ते चार बंद ठेवली तर त्यात एका तासाचीच काय ती प्रगती झाली आहे.

मूर हसला, आणि त्याच्यामागून इतिहासकारही हसत आले. पण माझ्यासारख्या, मिनिटभराच्या स्पर्शासाठी तासन्‌तास थांबलेल्या गोलंदाजाने त्या प्रसंगाकडे पाहिले की निराळेच चित्र दिसू लागते. जुनी ओतीव तोफ घाईने डागीत राहिले की तापते, आणि तापलेली तोफ शत्रूआधी स्वतःच्या माणसांचा हिशेब करते. दारू येणार ती दूरवरून, बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर; बैलांना वैरण लागणार; वैरण आजूबाजूच्या मुलखात शिल्लक असली तर मिळणार. कोठीत किती दारू उरली आहे हे ज्याला ठाऊक आहे तो मनुष्य दोन बारांच्या मधे अर्धा तास गप्पाच मारील. दुसरे तो काय करणार? मूरच्या हाती घड्याळ होते, कोठीची वही नव्हती. त्याला आळस दिसला; मला त्यात, माझा तर्क चुकीचा नसेल तर, अत्यंत काटकसरीने चालविलेला एक संसार दिसतो. आणि सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेला तो वेढा अखेर १७९१ च्या एप्रिलमध्ये किल्ला हाती येऊन संपला, हेही हसणारांनी विसरू नये.

पानिपताविषयी मराठी वाचकाला काही सांगावयाचे नसते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा कमी पडल्या असे कोणी म्हणत नाही. कमी पडली ती भाकर, आणि डिसेंबर १७६० मध्ये रसद पुरविणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांचे शीर पडले तेव्हाच जानेवारीचा निकाल अर्धाअधिक लागून गेला होता.

मी या विषयात एवढा का रमतो याचे एक खाजगी कारण आहे. आमचे पूर्वज पानशांच्या हाताखाली पेशव्यांच्या तोफखान्यात गोलंदाज होते अशी आमच्या घराण्यात परंपरागत श्रद्धा आहे, आणि माझ्या वडिलांनी ती लग्नाच्या प्रत्येक बैठकीत दोन्ही पक्षांना ऐकविली होती. अलीकडे माझ्या एका चुलतभावाने मोडी शिकण्याचा उपद्व्याप केला आणि माळ्यावरच्या पेटीतले कागद वाचून काढले. त्यावरून असे निष्पन्न झाले की पूर्वज तोफखान्यात होते खरे, पण बैलांकडे. तोफ ओढणाऱ्या बैलांची गणती, त्यांची वैरण, दोरखंड आणि पेंड यांचा हिशेब त्यांच्याकडे होता, आणि उपलब्ध कागदांपैकी बहुतेक सर्व वैरण वेळेवर पावत नाही अशा तक्रारीचेच आहेत. चुलतभावाने ही वार्ता फोनवर सांगितली तेव्हा त्याला वाईट वाटत होते. मी त्याला म्हटले की हे कागद नीट सुकवून, परत पेटीत घालून, पेटी माळ्यावर ठेव.

आमच्या मंडळात रसदीची गाडी हाकण्यास कोणी तयार नसते. ती पाळी लागली की सभासदांना अकस्मात पाठीची दुखणी सुरू होतात. अपवाद एकाच सभासदाचा. हे ऐंशीच्या घरातले कृष्णवर्णीय गृहस्थ. त्यांनी आयुष्यात एकही रणगाडा बांधलेला नाही. त्यांच्यापाशी आहे ती अडीच टनी जीएमसी मालट्रकची सहाव्या हिश्शाची प्रतिकृती, आणि ती इतकी निगुतीने केलेली आहे की चालकाच्या बाजूचे दार उघडते, ताडपत्रीला खऱ्या शिवणी आहेत, आणि पुढच्या बंपरवर एक लाल टिकली आहे. त्या टिकलीचा अर्थ मी बरेच दिवस विचारला नाही, कारण ज्या वाहनावर तोफ नाही त्याच्याविषयी कुतूहल बाळगणे माझ्या पदाला शोभत नव्हते.

त्यांचे वडील रेड बॉल एक्स्प्रेसवर होते. नॉर्मंडीनंतर मित्रराष्ट्रांची सैन्ये फ्रान्समधून इतक्या वेगाने पुढे सरकली की रसद मागे पडली. रेल्वे तर मित्रराष्ट्रांच्याच विमानांनी आधी उद्ध्वस्त करून ठेवलेली. तेव्हा २५ ऑगस्ट १९४४ पासून एकमार्गी रस्ते राखून, त्यांवर लाल टिकल्यांच्या पाट्या लावून, मालट्रकांची ही अहोरात्र रांग, म्हणजेच रेड बॉल एक्स्प्रेस, सुरू झाली. तरीही ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकन सेनापती पॅटनचे रणगाडे शत्रूमुळे नव्हे तर पेट्रोल नाही म्हणून उभे राहिले. ऐन भरात जवळजवळ सहा हजार गाड्या एका दिवसात बारा हजार टनांहून अधिक माल पोचवीत होत्या. वेगावर मर्यादा होती, पण चालकांनी इंजिनांवरची वेगरोधक कळ काढून टाकली होती, आणि वरिष्ठांनी तिकडे पाहिले नाही. या चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश काळे होते, कारण अमेरिकन सैन्यात गोरे आणि काळे यांच्या पलटणी वेगळ्या होत्या, आणि काळ्यांच्या वाट्याला बहुधा बंदुकीऐवजी फावडे नाहीतर स्टिअरिंग येत असे. वेगळेपणाची ही पद्धत मोडण्याचा हुकूम निघाला तो १९४८ साली, युद्ध संपून गेल्यावर. त्या गृहस्थांनी मला हे सर्व ओढ्याच्या काठी, गाडीच्या चाकांतला चिखल काडीने काढता काढता सांगितले. स्वरात काही नव्हते. वडिलांनी युद्धाचा एकही फोटो घरी आणला नव्हता, एवढे मात्र त्यांनी दोनदा सांगितले. फोटो काढणारे पुढे, तोफांपाशी असत.

मला त्या दिवशी विनाकारण राग आला. आणि राग कोणावर काढावा हे न कळल्यामुळे मी तो मंडळाच्या वार्षिक छायाचित्रावर काढला. त्या छायाचित्रात सर्व रणगाडे ओळीने उभे आहेत, मध्यभागी, नळी पंचेचाळीस अंशांवर रोखलेली, माझी हॉविट्झर आहे, आणि उजव्या कडेला कातरून गेलेली एक ताडपत्री आहे. हे छायाचित्र मी स्वतः कातरून चौकटीत बसविले होते.

पुढे एका मोहिमेत त्यांचा हात थरथरू लागला म्हणून त्यांनी रिमोट माझ्या हाती दिला. हॉविट्झरवर तो ताशी दोनचा शेरा मारणारा तरुण बसला. बिनशस्त्र गाडी उघड्या गवतातून हाकताना मनुष्याचे जे काही होते त्याचे वर्णन करण्याइतका मी स्वस्थ नव्हतो. झाडीतून एक टायगर नळी वळवतो आहे हे दिसते, आणि आपल्याला करण्यासारखे फक्त एकच असते, ते म्हणजे वेग वाढविणे, आणि तो आधीच वाढविलेला असतो. एक गोळी ताडपत्रीवर फुटली. दुसरी फुटली. ओढा उतरून गाडी तोफेपाशी पोचते न पोचते तोच टेकडीआडून आवाज आला, "दारूगोळा कुठे आहे? इथे मी काय चहा पीत बसू?" स्वर, शब्द, शेवटची ओढ, सर्व हुबेहूब माझे. ते वृद्ध गृहस्थ माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "उत्तर द्यायचे नसते. मिनिट मोजायचे."

त्यानंतरच्या वार्षिक सभेत मी एक दुरुस्ती मांडली. मोहिमेच्या दिवशी दुपारी एक ते तीन उभय पक्षांनी सर्व प्रकारचा गोळीबार बंद ठेवावा, सर्वांनी एकत्र भोजन करावे, आणि रसदीच्या चालकाचे पान आधी वाढावे, असा तिचा आशय असून, तिला आधार म्हणून धारवाडच्या वेढ्याची हकीकत, मूरचे मत, मूरच्या मताचे खंडन, आणि तोफ तापण्याविषयीचे एक परिशिष्ट असा मजकूर मी जोडला होता. त्याला मी 'धारवाड कलम' असे नाव सुचविले होते व त्याचा उच्चार कसा करावा हेही कंसात दिले होते. चर्चा बरीच झाली. एकाने विचारले की धारवाड हे टेक्सासमध्ये आहे काय. दुसऱ्याने दोन तास फार होतात असे म्हटले. वृद्ध गृहस्थांनी हात वर केला तेव्हा माझ्या आशा पल्लवित झाल्या. त्यांनी एवढेच विचारले की भोजनाच्या वेळी गाडी सावलीत उभी करता येईल काय.

दुरुस्ती एकमताने संमत झाली. नव्या नियमावलीत ती छापूनही आली आहे: दुपारी एक ते दीड गोळीबार बंद राहील, कारण, बॅटऱ्या चार्ज करणे. परिशिष्टाचा उल्लेख नाही. सभा संपल्यावर चिटणिसांनी मला बाजूला घेऊन माझ्या मजकुराबद्दल मनापासून आभार मानले आणि विचारले की दुपारच्या जेवणाची व्यवस्था पुढील वर्षापासून मी बघेन काय, कारण या विषयाचा एवढा अभ्यास असलेला दुसरा सभासद मंडळात नाही. मी पत्नीला विचारून सांगतो म्हटले. तिने साठ माणसांच्या मसालेभाताला तांदूळ किती लागेल याचा हिशेब गाडीतच सुरू केला होता.